सात लेअर पाठ झाले, नेटवर्क काही कळेना

वाचकाचं पत्र:

सर, सप्रेम नमस्कार. मी सोलापुरातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. बाबा यंत्रमागावर कामाला आहेत, आई घरी विड्या वळते. या सत्रात आम्हाला कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय आहे. ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कचं काम सात थरांत मांडणाऱ्या तक्त्याचे, सातही लेअर मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. पण परवा तोंडी परीक्षेच्या सरावात मॅडमनी विचारलं, 'ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबलं की काय होतं?' आणि मी गप्प उभी राहिले. सबनेटिंगची, म्हणजे एका नेटवर्कचे लहान वाटे पाडायची, गणितं सूत्र लावून करते, पण एक आकडा बदलला की चुकतात. वर्गातली काही मुलं पुण्याला क्लास लावणार आहेत. सर्टिफिकेट मिळतं आणि नोकरीची हमी आहे म्हणे. फीचा आकडा ऐकून बाबांना विचारायचं धाडसच झालं नाही. माझ्याकडे सेकंडहँड लॅपटॉप आहे, इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं. क्लास लावू का? नाही लावला तर घरी बसून हा विषय येईल का? परीक्षेला दोन महिने आहेत.
एक विद्यार्थिनी, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर:

क्लास लावू नकोस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. बाबांना फीचं विचारायची गरज नाही. सेकंडहँड लॅपटॉप आणि हॉटस्पॉट एवढ्यावर हा विषय येतो, कारण नेटवर्क तुझ्या घरात आलेलंच आहे. ते अजून कोणी तुला उघडून दाखवलेलं नाही, एवढंच.

सातही लेअर झोपेत येतात म्हणतेस. म्हणजे 'प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे' हे वाक्य घोकलेलं दिसतंय. वर्षानुवर्षं मी हे वाक्य आपल्याकडच्या पोरांच्या वह्यांत बघत आलोय. शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर वाढलेली पोरं, सॉसेज म्हणजे काय ते निम्म्यांना ठाऊक नाही, पण पिझ्झा टाकू नका म्हणून सगळे बजावतात! त्या वाक्यातून सात अक्षरं मिळतात. लेअर कशासाठी आहेत, ते मिळत नाही.

त्यासाठी बाबांकडे बघ. माग थांबला की ते काय करतात? आधी वीज आहे का बघतात. वीज असेल तर मोटार फिरतेय का, पट्टा सरकलाय का. मग धोट्यातली कांडी संपली का, ताण्याचा धागा कुठे तुटला का. हे सगळं ठीक असेल तरच विणीत काही बिघडलंय का, इकडे नजर जाते. वीज गेलेली असताना डिझाईन तपासत बसणारा कारागीर तू पाहिला नसशील. प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर उभी असते आणि वरची पायरी खालचं सगळं ठीक आहे असं धरूनच आपलं काम करते. लेअर म्हणजे नेमकं हेच.

आता हेच लॅपटॉपवर करून बघ. साईट उघडत नाही. वायफाय जोडलंय का? जोडलं असेल तर नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस मिळालाय का? कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग (ipconfig) टाकलं की दिसतं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समज, कोणी पत्ता दिला नाही म्हणून लॅपटॉपने स्वतःच एक लावून घेतलाय. पत्ता ठीक असेल तर गेटवेला, म्हणजे बाहेर जायच्या दाराला, पिंग कर, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघ. तिथून उत्तर आलं तर ८.८.८.८ ला पिंग कर. हे गूगलचं सार्वजनिक डीएनएस आहे, उत्तर सहसा देतं. तिथूनही उत्तर येतंय आणि तरी साईट उघडत नाही, तर रस्ता शाबूत आहे, नावाचा आकडा करून देणारा डीएनएस अडलाय. असं चार पायऱ्या उतरलीस-चढलीस की लेअरसाठी पिझ्झा लागणार नाही.

जाता जाता एक गोष्ट, जी वर्गात सहसा कोणी सांगत नाही. इंटरनेट त्या सात लेअरांच्या तक्त्यावरून बांधलेलं नाही. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकन संशोधकांनी टीसीपीची, म्हणजे इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्यांची, मूळ मांडणी १९७४ साली प्रसिद्ध केली, इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं आर्पानेट १ जानेवारी १९८३ ला टीसीपी/आयपीवर गेलं, आणि ओएसआयचा तक्ता प्रमाण म्हणून आला १९८४ मध्ये. घर आधी बांधून झालं, नकाशा मागून आला, आणि तोही दुसऱ्याच घराचा. म्हणूनच सेशन आणि प्रेझेंटेशन हे लेअर प्रत्यक्षात बोट ठेवून दाखवता येत नाहीत. तुला ते 'कळत नाहीत' याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तक्ता उपयोगी आहे तो बोलीभाषा म्हणून. कामावरची माणसं 'हा लेअर टू स्विच आहे', 'प्रॉब्लेम लेअर थ्रीला आहे' असंच बोलतात.

मॅडमनी विचारलेला प्रश्न मात्र या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. तो एकटा नीट सांगता आला तर निम्मा अभ्यासक्रम झाला. त्यासाठी चादरीची गठाण डोळ्यासमोर आण.

समज, नाशिकच्या दुकानदाराने चादरी मागवल्या. चादरी म्हणजे तुझा डेटा. कारखान्यात त्यांचे पुडे बांधले, प्रत्येक पुड्यावर क्रमांक टाकला आणि तो दुकानातल्या कोणत्या गल्ल्यावर द्यायचा तेही लिहिलं. हा टीसीपी, आणि गल्ल्याचा नंबर म्हणजे पोर्ट. वेबसाठी ४४३ किंवा ८०, डीएनएससाठी ५३. मग पुड्यांची गठाण बांधली, तिच्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता आला. हा आयपी. गठाण ट्रकमध्ये चढली आणि ट्रकचा कागद झाला: सोलापूर गोडाऊन ते पुणे गोडाऊन. ही इथरनेटची फ्रेम, आणि त्यावरचे दोन पत्ते म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस.

पुण्याच्या गोडाऊनमध्ये काय होतं? गठाण उतरते. सोलापूर-पुणे कागदाचं काम संपलं, तो फाटला. गठाणीवरचा पत्ता वाचून नाशिकचा ट्रक ठरतो, नवा कागद होतो. गठाण कोणी उघडत नाही, आत चादरी आहेत की टॉवेल याच्याशी गोडाऊनवाल्याला कर्तव्य नाही. तो गोडाऊनवाला म्हणजे राउटर. दर टप्प्याला मॅक बदलतो, आयपी तोच राहतो, हे वाक्य पाठ करून किती जणांनी परीक्षेत लिहिलं असेल! पण 'का' विचारलं की अडतात. तू आता अडणार नाहीस.

दोन ठिकाणी ही उपमा लंगडी पडते, तेही सांगतो. एक, ट्रान्सपोर्टमध्ये गठाण हरवली तर बिल्टी घेऊन भांडायला माणूस जातो. आयपीत राउटरकडे जागा नसेल तर तो पॅकेट, म्हणजे ती गठाण, टाकून देतो आणि बहुधा कोणाला कळवतही नाही. हरवलेलं पुन्हा पाठवायची जबाबदारी दोन टोकांच्या टीसीपीची. म्हणून पाठवणारा प्रत्येक पुड्याची प्रत पोच मिळेपर्यंत जवळ ठेवतो. चादरीची प्रत काढता येत नाही, बाइट्सची येते. दुसरं, तुझ्या हॉटस्पॉटवर गठाणीवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाटेतच बदलला जातो. लॅपटॉपला मिळालेला पत्ता, बहुधा १९२.१६८ चा, खासगी आहे, तो घराबाहेर चालत नाही. बत्तीस बिटांत सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास पत्ते होतात, ते जगाला पुरेनात, म्हणून पत्ता बदलायची ही नॅटची तडजोड आली. १२८ बिटांचं आयपीव्ही६ हे त्यावरचं खरं उत्तर.

आता मॅडमना सांगायची गोष्ट. लॅपटॉप नेटवर्कला जोडला तेव्हा डीएचसीपीने त्याला पत्ता, गेटवे आणि डीएनएस कोण ते सांगितलं. तू नाव टाइप केलंस. त्या नावाचा आकडा हवा म्हणून डीएनएसला विचारायचं. पण डीएनएस बाहेर असेल, तर पॅकेट आधी गेटवेच्या हातात द्यायला लागतं, आणि त्यासाठी गेटवेचा मॅक हवा. तो एआरपीने मिळतो. एआरपी म्हणजे वाड्यात मधोमध उभं राहून हाक मारणं, 'हा आयपी कोणाचा?' ज्याचा आहे तो एकटा ओ देतो. आकडा मिळाला की त्या पत्त्याशी टीसीपीची तीन पावलांची ओळख होते: सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक. मग टीएलएस कुलूप लावतं, आणि तेव्हा कुठे एचटीटीपीची 'हे पान द्या' ही मागणी जाते. हे तू आईला विड्या वळताना सांगून बघ. ती मध्येच 'कशाला पण?' म्हणेल तिथे तुझं कच्चं आहे.

आज रात्री जेवण झाल्यावर एक काम कर. कमांड प्रॉम्प्टवर ट्रेसर्ट (tracert) आणि पुढे ८.८.८.८ टाक. एकेक ओळ उमटत जाईल, एक ओळ म्हणजे वाटेतला एक टप्पा. पहिली ओळ तुझा मोबाईल. पुढे १० ने सुरू होणारे पत्ते दिसू शकतात, ते मोबाईल कंपनीच्या आतले. मध्येच एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या येतील. याचा अर्थ रस्ता तुटला असा नाही, त्या राउटरने उत्तर द्यायचं टाळलं इतकाच. पुढच्या ओळी येतायत ना, मग रस्ता आहे.

हा कार्यक्रम चालतो कसा, ती युक्ती मला अजून आवडते. प्रत्येक आयपी पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. दर राउटर त्यातून एक वजा करतो, शून्य झालं की पॅकेट टाकतो आणि पाठवणाऱ्याला 'तुमचं पॅकेट इथे संपलं' असा निरोप धाडतो. ही सोय खरं तर वाट चुकलेली पॅकेटं अनंतकाळ फिरत राहू नयेत म्हणून आहे. व्हॅन जेकबसन या अमेरिकन संशोधकांनी १९८७ साली तिचाच उपयोग करून घेतला. टीटीएल एक ठेवून पॅकेट सोडलं, पहिल्या राउटरचा निरोप आला. दोन ठेवला, दुसऱ्याचा आला. असं करत पूर्ण रस्ता हाती लागतो.

टीटीएलची किंमत मला पुस्तकातून कळली नाही, ती एका दुपारी कळली. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात मी चौदा कॉम्प्युटरांचं नेटवर्क बघत होतो. टेबलाखाली एक केबल लोंबत होती, तिचं टोक मोकळं होतं. मला कुठून दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी ते टोक नीटनेटकं म्हणून स्विचच्या, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकत्र जोडणाऱ्या डब्याच्या, रिकाम्या भोकात खोचलं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. मिनिटाभरात सगळं ऑफिस ठप्प. बिलिंग बंद, प्रिंटर बंद. मी सर्व्हर दोनदा बंद-चालू केला, सर्व्हरलाच शिव्या घातल्या, मालकांना 'वरून प्रॉब्लेम आहे' असं बेधडक सांगितलं. अडीच तासांनी चहा घेऊन आलेला पोऱ्या म्हणाला, "सर, त्या डब्यावरचे सगळे दिवे एकाच वेळी लुकलुकतायत, रोज असं नसतं." मी केबल उपसली. दोन सेकंदांत सगळं सुरू.

झालं होतं असं. एआरपीची एक हाक त्या वेटोळ्यात शिरली, स्विचने ती सगळ्या भोकांतून बाहेर सोडली, ती फिरून परत आली, पुन्हा सोडली, आणि असं लाखो वेळा. इथरनेटच्या फ्रेमला टीटीएल नसतो, त्यामुळे ती मरतच नाही. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. याच दुखण्यावर रॅडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली, जी वेटोळं ओळखून एक वाट आपणहून बंद ठेवते. आमच्या स्वस्तातल्या स्विचमध्ये ती नव्हती. तुझ्या अभ्यासक्रमात स्पॅनिंग ट्री आलं की तो चहावाला पोऱ्या आठव. निदान मला तरी तो दर वेळी आठवतो.

आता उशिराकडे, म्हणजे डिलेकडे येऊ. इथे तू स्वतःचे आकडे काढावेस असं मला वाटतं. सोलापूर ते मुंबई साधारण ४०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणजे जायला २ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ४. तुझा पिंग मात्र चाळीस-पन्नास दाखवेल. उरलेला वेळ गेला कुठे? थोडा मोबाईल टॉवरकडे आपली पाळी येईपर्यंत, थोडा राउटरच्या रांगेत, आणि केबल काही सरळ रेघेत टाकलेली नसते. प्रोपॅगेशन, ट्रान्समिशन, क्यूइंग, प्रोसेसिंग हे चार शब्द पुस्तकात आहेत, त्यांची बेरीज तुझ्या पडद्यावर आहे. बँडविड्थ आणि लेटन्सीचा घोळ होत असेल तर नळ आठव. पाइप किती जाड हा एक प्रश्न, आणि व्हॉल्व्ह सोडल्यावर तुझ्या गल्लीत पहिली धार किती वेळाने येते हा दुसरा. सोलापूरकराला हा फरक शिकवायला नको.

याच आकड्यांवर स्लायडिंग विंडोही सुटते. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. सेकंदाला १० मेगाबिटच्या लाइनवर ते बाहेर पडायला १.२ मिलिसेकंद लागतात. एक पॅकेट पाठवून पोचेची वाट बघत बसलीस तर १.२ काम आणि ४ नुसतं बसणं. लाइन २३ टक्केच वापरली जाते. म्हणून पोच यायच्या आत आणखी पॅकेटं सोडायची. ५.२ भागिले १.२ म्हणजे चारच्या थोडं वर, म्हणून पाच पॅकेटं वाटेत ठेवली की लाइन भरलेली राहते. विंडो म्हणजे तो पाचाचा आकडा. सूत्र यातून आपोआप निघतं.

मग प्रश्न येतो, सगळ्यांनीच मोठ्ठ्या विंडो लावल्या तर? ते प्रत्यक्षात घडलंय. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत एकमेकांपासून जेमतेम ४०० यार्डांवर असलेल्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. तारा धडधाकट होत्या. रांगा लांबल्या, पोच उशिरा यायला लागली, पाठवणाऱ्यांना वाटलं पॅकेट हरवलं, त्यांनी तेच पुन्हा पाठवलं, रांग आणखी लांबली. गड्ड्याच्या यात्रेत मागचे ढकलतात म्हणून पुढचे हलत नाहीत आणि पुढचे हलत नाहीत म्हणून मागचे ढकलतात, तसं. यावरचा इलाजही जेकबसन यांचाच, १९८८ चा: सुरुवात थोडक्यात करा, पोच येत राहिली तर वाढवा, पॅकेट हरवलं की ते गर्दीचं लक्षण समजून हात आखडा. स्लो स्टार्ट आणि कंजेशन अव्हॉइडन्सचा आलेख काढशील तेव्हा करवतीच्या दातांसारखी रेघ येईल. प्रत्येक खाली पडणारा दात म्हणजे कोणीतरी मागे सरलं. मला विचारशील तर या अख्ख्या विषयातला हा सगळ्यात सुंदर भाग आहे आणि परीक्षेत तो पाच मार्कांत उरकला जातो.

सबनेटिंग. तुझा एक आकडा बदलला की चुकतं, कारण तू सूत्र लावतेस, वाटणी करत नाहीस. १९२.१६८.१०.७७ हा पत्ता, स्लॅश २६. बत्तीसपैकी २६ बिट नेटवर्कचे, उरले ६. सहा बिटांत ६४ आकडे मावतात. म्हणजे २५६ ची वाटणी ६४-६४ च्या चार वाट्यांत: ०, ६४, १२८, १९२. सत्त्याहत्तर कोणत्या वाट्यात? ६४ च्या. वाट्याचा पहिला आकडा, ६४, हा नेटवर्कचा. शेवटचा, १२७, ब्रॉडकास्टचा. मधले ६५ ते १२६, एकूण ६२, मशिनींना. आता स्लॅश २७ कर. वाटा ३२ चा झाला. ०, ३२, ६४, ९६... सत्त्याहत्तर अजूनही ६४ मध्येच, पण ब्रॉडकास्ट ९५. एवढंच बदललं. हे झालं की एकदा बायनरीत पडताळून बघ. ७७ म्हणजे ०१००११०१, स्लॅश २६ च्या मास्कचा शेवटचा भाग ११००००००, दोन्हींचा अँड केला (दोन्हीकडे १ तिथेच १) की ०१००००००, म्हणजे ६४. राउटर वाट्याबिट्याचा विचार करत नाही, तो हा अँडच करतो. रोज पाच गणितं, आकडे स्वतः बनवून. दहा दिवसांत हात बसेल.

हॅमिंग कोड आणि सीआरसी या चुका पकडायच्या पद्धतींबद्दल काही सांगत नाही. सोडव, येतील. त्यात न कळण्यासारखं काही नाही.

वायरशार्क मात्र उतरवून घे, फुकट आहे. नेटवर्क कार्डातून येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट ते समोर मांडतं. पहिल्यांदा उघडशील तेव्हा ओळींचा असा धबधबा येईल की बंद करावंसं वाटेल. बाकी सगळं बंद कर, आयपीकॉन्फिगला फ्लशडीएनएस (ipconfig /flushdns) लावून जुनी नावं पुसून टाक, कॅप्चर सुरू कर, आणि एक्झाम्पल डॉट कॉम हे साधं पान उघड. पत्त्याच्या सुरुवातीला एस नसलेलं एचटीटीपी स्वतः टाइप कर, नाहीतर ब्राउझर कुलूपवाल्या वाटेने जातो. मग डीएनएसचा प्रश्न, त्याचं उत्तर, आणि खाली सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक अशा तीन ओळी एकाखाली एक. वर्षभर फळ्यावर बघितलेले ते तीन बाण तुझ्या लॅपटॉपमधून खरंच जाताना बघितलेस की काय वाटतं, ते मी सांगणार नाही. गूगलची साईट या कामाला घेऊ नकोस. तिथे बऱ्याचदा यूडीपीवर, म्हणजे पोच न मागणाऱ्या पद्धतीवर, चालणारं क्विक वापरलं जातं, मग टीसीपी शोधत बसशील. डीएनएसही दिसलं नाही तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' बंद करून बघ. आणि हे फक्त आपल्या लॅपटॉपवर. कॉलेजच्या वायफायवर दुसऱ्यांची पॅकेटं गोळा करायची गंमत करू नकोस, ती गंमत माहिती तंत्रज्ञान कायद्यापर्यंत जाते.

राउटर-स्विच जोडायचा सराव सिस्को कंपनीच्या पॅकेट ट्रेसरमध्ये होतो, तोही फुकट. त्यात माझ्यासारखं केबलचं वेटोळं मुद्दाम करून बघ, तिथल्या स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री असतं, एक दिवा केशरी होऊन बसेल. व्हिडिओ हवे असतील तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. इंग्रजी सुरुवातीला जड जाईल, वेग कमी करून ऐक.

इंग्रजीचं तू लिहिलं नाहीस, पण मराठी माध्यमाचा उल्लेख उगाच केलेला नाहीस. पॅकेट, राउटर, हँडशेक हे शब्द तसेच ठेव, त्यांना मराठी शोधत बसू नकोस. पण दोन शब्दांमधला 'म्हणून', 'कारण', 'नाहीतर' मराठीत पक्का कर आणि मग इंग्रजी वाक्य लिही. आरएफसी म्हणून इंटरनेटचे मूळ नियम असतात, त्यातला ७६८ क्रमांकाचा, यूडीपीचा, १९८० चा, अवघा तीन पानांचा आहे. शब्दकोश घेऊन एका संध्याकाळी वाचून होईल. तोंडी परीक्षेत 'मी आरएफसी वाचलाय' म्हणालीस तर समोरचा खुर्चीत सरसावून बसेल, म्हणून खरंच वाच, कारण पुढचा प्रश्न त्यातलाच येणार.

राहिलं सर्टिफिकेट. सीसीएनए ही सिस्कोची परीक्षा खरी आहे, कामाची आहे, पण ती परीक्षा तू देतेस, क्लास देत नाही. डिग्री होताना पैसे जमले तर दे. नोकरीची हमी देणाऱ्याला एकच विचार, हमी कागदावर लिहून देता का. मुलं पुण्याला गेली म्हणून तू मागे राहशील असं नाही. संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने परत येताना ती मुलं जी आद्याक्षरं घोकत असतील, त्यांच्यामागचं काम तू घरी पडद्यावर पाहिलेलं असेल.

दोन महिन्यांचं वेळापत्रक मी देत नाही, तुझ्या घरची कामं मला माहीत नाहीत. फक्त ट्रेसर्टला आजच बस. जे येईल ते वहीत उतरव, प्रत्येक ओळीपुढे हा पत्ता खासगी की सार्वजनिक ते लिही, आणि कितव्या ओळीपासून वेळ एकदम वाढला तिथे खूण कर. वहीच्या त्या पानाचा फोटो पाठव. चांदण्यांच्या ओळीही उतरव, त्या गाळू नकोस.